पान एकशे बारा

माहीमच्या वाचनालयाने जुनी पुस्तकं रद्दीत काढली
तेव्हा खोपकरांनी ही कादंबरी बाजूला ठेवली.
"तुम्हीच नेली होती सात वेळा," म्हणाले,
मागचं पिवळं कार्ड दाखवत.

सातही वेळा
याच पानावर रडले असणार मी.
एकशे बारा. तो घर सोडून निघतो.
खाली पेन्सिलची रेघ, कडेला माझंच अक्षर:
किती खरं!

काल रात्री वाचलं पुन्हा.
खाली कुणी मासळीचा टेम्पो धूत होतं.
निघतो तो, अगदी तसाच, मागे न बघता.
पण खोलीचं चार महिन्यांचं भाडं थकलंय,
हे एका ओळीत उरकलेलं,
आणि ती ओळ मी ओलांडत आले होते दर वेळी.

भाडं भरते त्याची वहिनी.
शिवणाचं मशीन विकून.
तिला नावसुद्धा नाही पुस्तकात.

राग आला. चहा ठेवला, तो उतू गेला.

तरी वाचत राहिले, कारण
भरतीला गटारातून उलटं चढणारं पाणी
आणि त्याचा तो खारट, कुजका वास
इतका नेमका मला नंतर कुठे भेटला नाही.
खिडकी लावून घ्यावीशी वाटली, अजूनही.

"किती खरं" खोडायला
नातवाच्या कंपासमधलं रबर आणलं.
मग राहू दिलं.
अठरा वर्षांच्या मुलीशी काय वाद घालायचा.

मशीनच्या ओळीखाली मात्र रेघ मारली.
पेन्सिल सापडेना,
बॉलपेनने.