तिरकी लाट

लाट इथे सरळ येत नाही.
नैर्ऋत्येकडून तिरकी चढते,
उतरते मात्र सरळ, उताराला धरून.
तेवढ्यात प्रत्येक कण
वीतभर पूर्वेला सरकलेला.
इतकंच. दिवसभर. रात्रभर.

केटाच्या एसिनामचं घर समुद्रापासून तिसरं होतं;
आता पहिलं आहे.
मासे धुरवायची भट्टी दोनदा मागे घेतली तिने.
मागे आता नुसतं खाजण.

बहीण सरहद्दीपलीकडे, टोगोत दिलेली.
फोनवर म्हणते, 'आमची पुळण रुंदावलीय गं,
होड्या ओढून ओढून ह्यांचे खांदे गेले.'
'माझंच अंगण ते,' एसिनाम म्हणते,
'जपून वापरा.'

नाताळात गेली तेव्हा
उंबऱ्याशी वाळू साचलेली, बोटभर.
हिने केरसुणी घेतली आणि झाडत सुटली
पश्चिमेकडे.
बहीण हसली, 'अगं, दार इकडे आहे!'

हरमॅटन सुटला होता, उत्तरेचा, कोरडा.
त्याला कुणाच्याच अंगणाशी देणंघेणं नाही.
झाडलेली सगळी उचलून
त्याने समुद्रात टाकली.

परतीच्या दिवशी
बहिणीने पाय धुवायला पाणी काढून ठेवलं.
एसिनामने धुतले नाहीत.