झरीकडचं नाका

वकील फुर्तादोबाईंनी आधी एक शब्द खोडला : पालक.
जरा थांबून वर लिहिलं : मदतनीस.
त्यापुढे माझं नाव,
आणि त्याच्याही वर, ठळक,
गोकुळदास रोहिदास फळदेसाई, वय सेहेचाळीस.
अक्षरांवरून बोट फिरवत त्यानं विचारलं, "हा कोण?"
घरी सगळे त्याला बाबूच म्हणत आलो.

तीन संध्याकाळी सोप्यावर बसलो आम्ही.
पावाच्या कागदावर मी कुळागर काढलं,
पोफळी, बांध, झर.
पैशांच्या जागी तांदळाची पोती काढली,
पोती त्याला मोजता येतात.
"विकलं तर एवढी. नाही विकलं तर नाहीत."
एकदा 'एवढी'वर माझा आवाज चढला
(माझंही छप्पर गळतं, माझा हिस्सा त्याच्या सहीत अडकलाय).
पेन्सिल खाली ठेवली,
तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सपाट.
फार कठीण असतं
एखादं वाक्य सपाट म्हणणं.

केप्याला, रजिस्ट्रारसमोर,
थोरल्यानं मलाच विचारलं, "काय म्हणतो तो?"
क्लार्कनंही मलाच.
टेबलफॅनसुद्धा वळून वळून माझ्याकडेच.
मी पाणी प्यायले.
वाट किती पाहायची
याचं कलम त्या कागदात नाही.
मासळीवाल्याची स्कूटर पोंपों करत खालून गेली,
परत आली.
मग त्यानं खिशातून पावाचा कागद काढला,
चुरा झाडला, बोट ठेवलं :
"बांदामेरेन विका. झरीकडचं नाका."

"का रे?" थोरला म्हणाला.
गिऱ्हाइकाला झरच हवी होती.
फुर्तादोबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"देवळाकडची जागा विकलीत
तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं होतं, का म्हणून?"
तरी त्यानं सांगितलं, क्लार्ककडे बघत, मोठ्यानं :
"थंय म्हाका कोण आपयना."

उलगडून सांगायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.
सेहेचाळीस वर्षं हाका मारतोय आम्ही,
बाबू पाणी आण, बाबू उठ, बाबू तिथं नको,
आणि झरीपर्यंत हाक पोचत नाही.

सहीला चार मिनिटं लागली.
'फ'चं पोट रेघेबाहेर गेलं, जाऊ दिलं.

छप्पराखाली बादली आहे तशीच आहे.
थोरला अजून बोलत नाही माझ्याशी.
आज पाच वाजता चहा झाला,
मी दारापर्यंत गेले,
तोंडाशी आलेलं नाव गिळलं
आणि कपावर बशी झाकून ठेवली.