तेरची वीट

दस्तगीर सरांनी बादलीत वीट सोडली,
जुन्या देवळाचा मुठीएवढा तुकडा.
बुडाली नाही.
बदकासारखी जराशी कलली
अन् आमच्याकडंच बघत बसली.

सर म्हणाले, मातीत भुसा कालवला असणार.
भट्टीत भुसा जळाला, भोकं उरली.
भोकांच्या जिवावर तरंगतीय ही
हजारेक वर्षं.

मागनं कुशावर्ता बोलली,
‘म्हंजे अनारसाच की, सर.
जाळी पडली तर जमला.’

सरांनी फळ्यावरचं ‘घनता’ पुसलं,
‘अनारसा’ लिहिलं.
खाली दोन रेघा.

त्याच दिवाळीत पतसंस्था बुडाली,
सरांची ठेव होती ती.
इमारत पक्की, संगमरवरी पायऱ्या,
भोक कुठं दिसलंच नव्हतं.

मधल्या सुट्टीत सर एकटेच
विटेला बोटानं खाली दाबत होते.
परत वर.
परत वर.