रिकामं वजन

अंबड लिंक रोडला, भंगाराच्या दुकानांच्या अलीकडे
खैरनारांचा काटा लागतो.
जिन्याखाली वर्षानुवर्षं पडलेले कंपनीचे एकेचाळीस कॉम्प्युटर
छोट्या टेम्पोत भरून मी आले होते,
मांडीवर यादी, यादीवर साहेबांची सही: निर्लेखित.

केबिनमध्ये एक डबा. पिवळा पडलेला, पाठ उघडी,
गरम होतो म्हणून.
कीबोर्डच्या फटीत खंडेनवमीच्या झेंडूची पाकळी.
मी प्रोसेसर कोणता ते विचारलं नाही.
टेम्पोत त्याचीच एकेचाळीस भावंडं होती.

खैरनार म्हणाले, "काटा ह्याच्याशीच बोलतो.
नव्यांना ती जाड पिनांची जागाच नाही.
पण पावती आता ऑनलाइन चढवायची,
आणि दिवाळीपासून इंटरनेट उघडलं की हा जातो.
एरर नाही, काही नाही. दिवा जावा तसा."

कसा जातो ते मला ठाऊक होतं.
नवा ब्राउझर एक अशी आज्ञा देतो
जी ह्याच्या जन्मानंतर भाषेत आली,
आणि "परत सांगा" म्हणायची सोय यंत्राला नसते.

पूर्वी होती. अकरा ओळी होत्या:
बाबा रे, तुला हे येतं का?
नाही म्हणाला तर जुन्या वाटेनं, सावकाश.
त्या ओळी मी काढल्या.
मीच, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, शेंगदाणे खात.
शेरा लिहिला: साफसफाई. एवढं जुनं आता कोण वापरतं.
परदेशातून कुणीतरी अंगठा उंचावला.

हिरवे आकडे आधी थरथरले,
मग मनाशी ठरवून थांबले. प्रिंटर किरकिरला.
"हे भरलेलं. गाडी खाली करून परत या,
रिकामं वजन घेतल्याशिवाय माल किती ते कळत नाही."
मग जरा संकोचून,
"ह्यातली रॅमची एक पट्टी काढून घेऊ का?"
दोन घ्या म्हटलं.
दहा किलोच्या आतलं काटा बघतच नाही.

त्या रात्री ओळी परत घालायला बसले.
जागा राहिली नव्हती. गावाहून परतावं
आणि आपल्या खाटेच्या जागी शिलाई मशीन असावं, तसं.
अकराच्या चौतीस झाल्या.
बिल्डला चार तास, दोन चाचण्या लाल,
तिसरी लाल झाली तेव्हा खाली घंटागाडी आली.
वरून विचारणा: असे वापरणारे किती?
मी "एक" लिहिलं. खोडलं.
परत "एक" लिहिलं.
त्या एकावर दिवसाला ऐंशी गाड्या चढतात
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

उत्तर अजून आलेलं नाही.
शनिवारी माझीच वेगळी प्रत पेनड्राइव्हवर घेऊन गेले.
पान उघडायला पावणेदोन मिनिटं.
तराजूचा तोल चुकत असला तर
हलक्या पारड्यात खडा बांधतात, त्याला धडा म्हणतात.
शाळेत हा शब्द मी फक्त पुस्तकातला शिकले.
तेवढ्यात खैरनार द्राक्षांची एक गाडी मोजून आले.
पावती चढली. त्यांनी मान हलवली,
उशिरा आलेल्या एसटीकडे बघून हलवतात तशी.

मग फायलीतून माझी जुनी पावती काढली.
भरलेलं वजन छापलेलं, दुसरा रकाना कोरा.
"त्या दिवशी परत आला नाहीत?"

विसरले, म्हटलं.