बेरीज पाच

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर एकोणीस.
कमळाकर म्हात्रे किल्ली टेबलावर टाकतो,
म्हणतो, गारी बरी हाय, सर्विस तेवरी कर.
चहाचा ग्लास डाव्या हातात धरतो.
उजवा मांडीवर ठेवलेला,
कोणीतरी ठेवून गेल्यासारखा.

लॅपटॉप जोडला. बिघाड: शून्य.
पिवळा दिवा किल्ली फिरवताच लागतो,
तीन मोजेपर्यंत थांबतो, विझतो.
नियमाप्रमाणे.

स्टिअरिंगच्या दांड्यात एक सळई असते,
हाताच्या जोराने केसभर पिळणारी.
तो पीळ सांगायला दोन साक्षीदार नेमलेत:
एकाचा आकडा चढला की दुसऱ्याचा उतरतो
आणि बेरीज कायम पाच व्होल्ट.
एक खोटं बोलला की बेरीज मोडते,
दिवा पेटतो, मोटर अंग काढून घेते
आणि ऐरोलीच्या सिग्नलला माणसाला कळतं
आपण रोज केवढं धूड वळवत होतो.

हे मी येईल त्या शिकाऊला सांगतो.
घणसोलीच्या निलोफरला सांगून तिसरा दिवस.
तिने विचारलं होतं,
आणि दोघं ठरवून खोटं बोलले तर?
मी म्हटलं, स्पॅनर दे.

म्हात्रे सांगत होता डॉक्टरचं.
कोपरखैरण्याला फोटो काढला, हाड चांगलं.
आठ दिवस शेक, मग मलम,
मग बायकोच्या माहेरचं कसलंसं तेल.
खांदा दुखतंय तो दुखतंयच,
तीन महिनं झालं.
दिघ्यातून उरणला, उरणातून दिघ्याला,
कंपनीची माणसं पोचवायची, रजा कशी घेणार.

काका, निलोफर म्हणाली,
वळणावर दुखतो की सरळ रस्त्याला?

तो थांबला. ग्लास खाली ठेवला.
सरल रस्त्याला, म्हणाला. वलनाला नाय.

गाडी रॅम्पवर घेतली.
चाकं हवेत, इंजिन सुरू, सीटवर कोणी नाही.
स्टिअरिंग आपल्या आपण डावीकडे निघालं,
हळू,
झोपेत माणूस कूस बदलतो तसं.
म्हात्रे आधी हसला, भूत हाय काय,
मग त्याचा डावा हात
उजव्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

मीटर लावला.
पहिला: दोन पॉइंट सहा दोन.
दुसरा: दोन पॉइंट तीन आठ.
निलोफरने बोटांवर बेरीज केली,
माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही.
दोघंही अडीचवर हवेत, कोणी हात लावला नसताना.
दोघंही सरकलेत, सारखेच, उलट दिशांना,
म्हणून हिशेब बिनचूक
आणि दिवा गप्प.
गाडी कायम थोडी डावीकडे ढकलत होती,
हा माणूस तिला
कायम थोडा उजवीकडे ओढत होता,
नव्वद दिवस, पाम बीचची सगळी लांबी,
आणि त्याला वाटलं वय झालं.

कॉलमचं कव्हर उघडलं.
आत मास्किंग टेपचा तुकडा, निळं बॉलपेन,
सातला मधे रेघ मारायची माझी सवय:
७ मार्च. कॉलम बदलला. झिरो उद्या.

शुक्रवार असणार. एमआयडीसीचं शटडाउन,
चारला लाइट गेली होती, त्याला उरण गाठायचं होतं,
मी म्हटलं होतं, जा, चालते गाडी.
चालत होती.

झिरो शिकवायला चाळीस सेकंद लागतात.
चाकं सरळ, हात बाजूला, एक बटण.
निलोफरने दाबलं. अडीच, अडीच.
बिलबुक उघडून मी बराच वेळ
तारखेच्या रकान्यातच पेन धरून बसलो.
शेवटी टेप त्याच्यापुढे ठेवली.
त्याने ती लांब धरून वाचली,
चष्मा नव्हता, पुन्हा वाचली.
तेलाचं पैसं दे बायकोला, म्हणाला,
ती रागावंल माज्यापेक्षा.

गाडी गेटबाहेर काढताना
ती सरळ निघाली,
पण त्याचा हात अजून जुनाच होता.
गाडी उजवीकडे सरकली, गटाराच्या कडेपर्यंत,
ब्रेक लागला.
आरशात तो स्वतःच्या हाताकडे बघताना दिसला.
मग पुन्हा निघाला, आणि थोडी
पुन्हा उजवीकडे.