भेगांची नोंद

दारावर कागद चिकटवला होता.
लाल गोल म्हणजे आई घरात नाही,
हिरवा गोल म्हणजे आई आहे.
नेहुएन चार वर्षांचा. त्याने खडूने दोन्ही घोटून
एकच तपकिरी गोल केला
आणि विचारलं, आता तू कुठे आहेस?

इथेच. वाल्पाराइसोत, बारोन टेकडीवर,
पिवळ्या पत्र्याच्या घरात, स्वयंपाकघर आणि संडास
यांच्यामधल्या बोळात, जिथे पूर्वी इस्त्री व्हायची.
विमा कंपनीसाठी मी भेगा मोजते.
लोक फोटो पाठवतात, भेगेशेजारी नाणं ठेवून.
मी लिहिते: केसाएवढी. वरवरची.
भिंतीच्या आरपार.
दिवसाला चाळीस व्हायला हव्यात.
आज दुपारपर्यंत अकरा.

बारावी उघडली तेव्हा अम्पारो आली.
सात नवे किती, विचारत.
तिला त्रेसष्ट नको होते,
हवी होती माझी वर झालेली मान.
मी मान वर न करता त्रेसष्ट दिले.
ती उभीच राहिली.

एलिसेओ बंदरात क्रेन चालवतो.
त्याच्या कामाला फाटक आहे, भोंगा आहे, हेल्मेट आहे.
माझ्या कामाला एक खुर्ची, तीही जेवणाच्या टेबलाची,
जेवताना परत द्यावी लागते.
पहाटे चारला उठ, इर्माबाई सांगतात,
पोरं झोपेत असतात तोवर उरकून टाक.
उठून पाहिलं.
नेहुएनला माझ्या उठण्याचा वास येतो.

एकच नियम मी कधी मोडू दिला नाही:
टेबलाखाली यायचं नाही.
तिथे वायर आहे. मार्चमध्ये ती एकदा ओढली गेली
आणि एकोणीस घरांच्या भेगा
एका क्षणात बुजल्या.

चार वाजता मीटिंग.
सांतियागोहून इतुर्रा आकडे विचारत होते.
आधी कपाटातले पेले बोलले.
मग इर्माबाईंचा कुत्रा. मग फरशी.
आकडे माझ्या तोंडात अर्धवट
आणि अम्पारो भावाला स्वेटरच्या गळ्याला धरून
फरफटत आणते आहे,
शाळेत शिकवलेलं ती विसरत नाही, पाढे सोडून.
दोघं सरळ टेबलाखाली.
मी लॅपटॉप धरला होता. हे इथे लिहून ठेवते.
दोन हात होते
आणि दोन्ही लॅपटॉपवर होते.

थांबलं. मग वीसेक सेकंदांनी
पडद्यावर इतुर्रांच्या मागचा दिवा डोलायला लागला.
आता इकडे आला, ते म्हणाले,
आणि आम्ही सगळे गप्प बसून राहिलो,
जसं दाराशी कोणी बोलत असलं
की त्याचं संपेपर्यंत थांबतो तसं.
मग ते म्हणाले, तर, आकडे?

मुलं बाहेर आली नाहीत.
नेहुएनने माझा घोटा दोन्ही हातांनी धरला होता,
टेबल हलू नये म्हणून.
कोणी पाणी मागितलं नाही, कोणी कोणाला मारलं नाही.
खालून फक्त अम्पारोचा आवाज:
ही किती मोठी?
केसाएवढी.
कोणाच्या केसाएवढी?
इकिकेच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या भिंतीतली
मी पुन्हा मोठी करून पाहिली.
खोडलं. आरपार, असं लिहिलं.

सातपर्यंत तेवीस झाल्या.
माझा डावा पाय पार मुंगावला होता
आणि मी तो हलवला नाही.

एलिसेओ आला, पेले मोजले, एक कमी.
दारावरचा कागद गळून पडला होता,
त्याच्या जागी, चौकटीपासून वर,
आमची स्वतःची एक.
फोटो काढायला मी नाणं शोधत होते.
नेहुएनने तिथे आपलं बोट ठेवलं
आणि मी आत्तापर्यंत कोणाला सांगितलं नसेल इतक्या शांतपणे
सांगितलं, हलू नकोस.

आपल्याच घराचा दावा आपण तपासायचा नसतो.
ती चाळिसात धरता येत नाही. चौतीसच.

रात्री सगळे झोपल्यावर मी ठरवलं,
उद्यापासून पुन्हा, टेबलाखाली यायचं नाही.
आणि वायर जराशी
भिंतीकडे सरकवून ठेवली.