मधलं पद

टिमकीच्या मनपा शाळेत
एकतीस मार्चच्या संध्याकाळी टेम्पो आला.
आर्थिक वर्ष संपायला पाच तास बाकी,
म्हणून बोर्ड भिंतीवर लागायच्या आधी
रजिस्टरात लागला :
जडसंग्रह, पान एकेचाळीस, नग एक, चालू स्थितीत.
सही माझी.

मी मराठी शिकवतो.
पण सगळ्यांचे फॉर्म मोबाईलवर भरून देतो,
एवढ्या पुराव्यावर निखारे बाईंनी
मला तंत्रज्ञान प्रभारी केलं.
प्रशिक्षण झालं सिव्हिल लाइन्सला, एसीत.
चहा दोनदा आला. लिंक एकदाही उघडली नाही.

शाळा उघडली तशी धकाते सर आठवीवर गेले.
समोर पांढराशुभ्र फळा,
खिशात पार्सलवर पत्ते लिहायचा जाड मार्कर,
आणि चौतीस वर्षांची सवय :

(अ + ब)² = अ² + २अब + ब²

पोरं ओरडली, "सर, टीव्हीवर लिहून राहिले जी!"
सरांनी तळहाताने पुसलं.
तळहात काळा झाला, फळा तसाच.

बाई म्हणाल्या वसुली, मी लिहिला खुलासा,
सर दिवाळीआधी निवृत्त झाले.
निरोपाच्या दिवशी नारळ-शाल घेऊन उभे होते,
बोर्डाकडे पाठ करून.

मग ज्वालामुखी त्या सूत्रातून फुटायचा.
बेडकाचं हृदय कंसात धडधडायचं.
एकदा चवदार तळ्याच्या पायरीवर
नेमकं बरोबरचं चिन्ह आलं.
कोणी हसलं नाही.
हे सगळं, लाइट असेल त्या दिवशी.
नसेल त्या दिवशी बोर्डावर
सरांचं अक्षर तेवढं चालू स्थितीत.

स्पिरिट लावून झालं. रॉकेल लावून झालं.
फेब्रुवारीत तपासणीच्या आदल्या दिवशी
प्राजू हेडाऊनं डब्यातलं संत्रं सोललं,
साल पडद्याशी धरून पिळलं.
"सुताच्या रंगाचे डाग माय असेच काढते."
शाई ओघळली.
अख्खा वर्ग उठला, दोन्ही टोकांनी भिडला,
कंस गेला, अ गेला, तिकडून ब गेला,
खोलीभर आंबट-कडू वास,
बाईसुद्धा दारात येऊन शिंकल्या.

मधे आले तेव्हा सालं संपली होती.

"माझ्या घरी आहेत, आणू का जी?"
मी म्हटलं, राहू दे.
का म्हटलं, कोण जाणे.

साहेब आले. बोर्ड सुरू झाला, खरंच सुरू झाला.
निळ्या आकाशगंगेच्या पोटात
काळं ठसठशीत : २अब.
"हे काय?"
मी खुलासा जुळवत होतो,
तेवढ्यात मागच्या बाकावरून प्राजू,
"पेपरात आम्ही विसरतो ते, सर."

साहेबांनी टॅबवर बोट फिरवलं,
वर नेलं, खाली आणलं.
फॉर्मात तसा रकाना नव्हता.
मग त्यांनी खिसा चाचपला
आणि माझ्याकडे पेन मागितला.